सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरचा रशिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत भाषांतर झालेली, जाड कागदावर रंगीत चित्रं छापलेली सोव्हिएत पुस्तकं ज्यांच्या घरी होती, त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो : एवढा मोठा देश दहा वर्षांत असा विस्कटला कसा? स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं तोच प्रश्न सनावळ्या घेऊन विचारतात. म्हणून १९९१ ते २००० या काळाबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. काही उत्तरं लांब झाली आहेत, कारण ते व्यवहार नीट उलगडून सांगितल्याशिवाय कळत नाहीत.

१९९१ मध्ये नेमकं काय संपलं?

ऑगस्ट १९९१ मध्ये कट्टर कम्युनिस्ट नेत्यांनी सोव्हिएत संघाचे राष्ट्राध्यक्ष मिखाईल गोर्बाचेव्ह यांना क्रिमियातल्या सुट्टीच्या बंगल्यात अडकवलं आणि सत्ता ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला. तो तीन दिवसांत फसला. मॉस्कोत रणगाड्यावर उभं राहून त्याला विरोध करणारे, संघातल्या रशिया या प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष बोरीस येल्त्सिन लोकांचे नायक झाले. ८ डिसेंबरला रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी संघ संपल्याच्या करारावर सह्या केल्या आणि २५ डिसेंबरला गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला.

राज्य संपलं, पण त्या राज्याच्या तेलविहिरी, निकेलच्या खाणी, पोलाद कारखाने, जहाजं जागेवरच होती. कागदोपत्री ती सगळ्या जनतेची, म्हणजे नाव घेऊन सांगावं अशा कुणाचीच नव्हती. किल्ल्या मात्र कारखान्याच्या संचालकाच्या आणि मंत्रालयातल्या अधिकाऱ्याच्या खिशात होत्या. पुढच्या दहा वर्षांची भांडणं ही मालमत्ता कुणाच्या नावावर चढणार यावरूनच झाली. मालकी, दिवाळखोरी, शेअर बाजार यांचे कायदे तयार व्हायच्या आत वाटप सुरू झालं, हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

सोव्हिएत काळात भ्रष्टाचार नव्हता का?

होता, आणि चांगला मुरलेला होता. रशियनमध्ये त्याला 'ब्लात' म्हणत. आपला 'वशिला' हा शब्द त्याला चपखल बसतो. दुकानातल्या ओळखीच्या बाईकडून मागच्या दाराने मांस, डॉक्टरला कोन्याकची बाटली, घराच्या यादीत नाव वर सरकवण्यासाठी कुणाचा तरी फोन, अशी ती पद्धत. उझबेकिस्तानात न पिकलेला कापूस कागदावर दाखवून सरकारी पैसा लाटल्याचं प्रकरण १९८० च्या दशकात गाजलं होतं.

पण त्या काळात वशिल्याने फ्लॅट किंवा फ्रिज मिळायचा. तेलकंपनी कुणाच्या नावावर करता येत नव्हती. सवय जुनीच होती, तिच्या हाती लागलेला माल एकदम हजारपटीने मोठा झाला.

लोकांची बचत कुठे गेली?

२ जानेवारी १९९२ पासून उपपंतप्रधान येगोर गैदार यांच्या धोरणानुसार बहुतेक वस्तूंचे भाव सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. दुकानं त्याआधी रिकामी पडली होती आणि हिवाळ्यात शहरांना धान्य कुठून पुरवायचं ही खरी चिंता होती, त्यामुळे काहीतरी करणं भाग होतं हे मान्य करावं लागेल. भाव मोकळे झाल्यावर माल दुकानात आलाही. पण उत्पादक मक्तेदार होते, तोट्यातल्या कारखान्यांना जगवण्यासाठी मध्यवर्ती बँक नोटा ओतत राहिली, आणि त्या एका वर्षात भाव सुमारे २,५०० टक्क्यांनी वाढले.

आकडा मोठा असला की अंगावर येत नाही, म्हणून एक पासबुक डोळ्यासमोर आणा. सरकारी बचत बँकेत कुणी आयुष्यभर काटकसर करून ५,००० रूबल जमवले होते. सोव्हिएत काळात ही मोठी रक्कम. मोटारीचं स्वप्न बघावं इतकी. १९९२ संपेपर्यंत त्या पासबुकातल्या आकड्याची खरेदीची ताकद जुन्या २०० रूबलांपेक्षाही कमी उरली. पासबुक तेच, शिक्का तोच, आकडाही तोच. चोरी झाली म्हणून पोलिसात जावं तर चोर दाखवता येत नाही. नव्या व्यवस्थेवरचा लोकांचा विश्वास पहिल्याच वर्षी उडाला तो इथे, असं मला वाटतं.

जुलै १९९३ मध्ये जुन्या नोटा अचानक रद्द झाल्या आणि बदलून मिळण्यावर मर्यादा घातली गेली, तेव्हा पुन्हा रांगा लागल्या. 'चांगलंच करायचं होतं, पण झालं नेहमीसारखंच' हे पंतप्रधान व्हिक्तर चेर्नोमिर्दिन यांचं वाक्य तेव्हाचं. रशियात ते आजही म्हणीसारखं वापरतात.

मग श्रीमंत कोण झाले, आणि इतक्या लवकर कसे?

पहिला मोठा पैसा निर्यातीत होता. भाव मोकळे झाले तरी तेल आणि धातू देशात जागतिक भावाच्या अगदी लहानशा अंशाला मिळत होते. परदेशात पाठवायला मात्र परवाना लागायचा. ज्याला परवाना देणारा अधिकारी वश झाला, तो रूबलमध्ये घ्यायचा, डॉलरमध्ये विकायचा आणि पैसे परदेशातल्या खात्यात ठेवायचा. यात कारखाना उभारायची, काही बनवायची गरजच नव्हती.

सेंट पीटर्सबर्गचं एक प्रकरण याच काळातलं आहे. शहरात अन्नटंचाई असताना कच्चा माल निर्यात करून बदल्यात धान्य आणायचे परवाने महापालिकेच्या परराष्ट्र संबंध समितीने दिले. माल गेला, धान्य जवळजवळ आलंच नाही. नगरसेविका मारिना साल्ये यांच्या गटाने १९९२ मध्ये चौकशी केली आणि समितीच्या प्रमुखाला पदावरून दूर करावं अशी शिफारस झाली. महापौर सोब्चाक यांनी ती मानली नाही. त्या प्रमुखाचं नाव व्लादिमीर पुतिन. आरोप त्यांनी नाकारले. दोष कंत्राटदार कंपन्यांचा असल्याचं त्यांचं म्हणणं होतं.

व्हाउचर म्हणजे काय?

ऑक्टोबर १९९२ पासून प्रत्येक नागरिकाला, अगदी तान्ह्या बाळालाही, १०,००० रूबल दर्शनी किमतीचा एक कागद मिळाला. तो देऊन खाजगी होणाऱ्या कंपनीचे शेअर घेता येणार होते. देश लोकांचा, तर कारखानेही लोकांना वाटून टाकू, ही कल्पना ऐकायला न्यायाची होती. योजनेचे प्रमुख अनातोली चुबाइस यांनी सांगितलं की एका व्हाउचरची किंमत दोन 'व्होल्गा' मोटारींएवढी होईल.

त्या कागदावर धारकाचं नाव छापलेलं नव्हतं, म्हणजे तो कुणालाही विकता येत होता. इकडे महागाई रोज पगार खात होती. ज्या घरात संध्याकाळच्या जेवणाची चिंता होती, त्या घरातल्या माणसाने पाच वर्षांनी मिळणाऱ्या लाभांशाची वाट कशी बघायची? मेट्रो स्टेशनबाहेर गळ्यात 'व्हाउचर घेतो' अशी पाटी अडकवून माणसं उभी असत. कुणी व्हाउचर चार पैशांना विकलं, कुणी वोडकाच्या बाटल्यांवर दिलं, कुणी गुंतवणूक निधीत ठेवलं आणि तो निधीच गायब झाला. कारखान्यात संचालकांनी कामगारांकडून शेअर गोळा केले. रशियन लोकांनी 'प्रिवातिझात्सिया', म्हणजे खाजगीकरण, या शब्दात 'हिसकावणे' हे क्रियापद घुसवून 'प्रिख्वातिझात्सिया' असा शब्द तयार केला.

त्या कागदावर मॉस्कोतल्या संसदेच्या पांढऱ्या इमारतीचं चित्र होतं. व्हाउचर वाटायला सुरुवात झाली त्याला वर्ष होतं न होतं, तोच त्याच इमारतीवर रणगाड्यांनी गोळे डागले.

संसदेवर रणगाडे? ते का?

राष्ट्राध्यक्ष आणि संसद दोघंही निवडून आलेले होते आणि सोव्हिएत काळातली, शेकडो दुरुस्त्यांनी ठिगळं लावलेली राज्यघटना दोघांनाही आपणच सर्वोच्च असं वाटू देत होती. आर्थिक हालांमुळे संसद सुधारणांच्या विरोधात गेली. उपराष्ट्राध्यक्ष अलेक्सांद्र रुत्स्कोय यांनी एप्रिल १९९३ मध्ये सरकारमधल्या लोकांच्या भ्रष्टाचाराच्या पुराव्यांनी भरलेल्या अकरा सुटकेस आपल्याकडे असल्याचं जाहीर केलं. सरकारी बाजूने त्यांच्यावरच उलटे आरोप झाले. भ्रष्टाचाराचा तपास हे न्यायालयाचं काम न राहता राजकारणातलं हत्यार झालं. अशा बदनाम करणाऱ्या पुराव्यांसाठीचा 'कॉम्प्रोमात' हा शब्द पुढे जगभर गेला.

२१ सप्टेंबरला येल्त्सिन यांनी संसद बरखास्त केली. तसा अधिकार त्यांना घटनेत नव्हता. संसदेने त्यांनाच पदावरून काढून रुत्स्कोय यांना बसवलं. ३ ऑक्टोबरला संसदेच्या समर्थकांनी ओस्तान्किनो दूरचित्रवाणी केंद्रावर हल्ला केला, दुसऱ्या दिवशी लष्कराने संसदेच्या इमारतीवर मारा केला. सरकारी आकड्याप्रमाणे दीडशेच्या आसपास माणसं मेली. डिसेंबरात सार्वमताने नवी राज्यघटना आली आणि तिने राष्ट्राध्यक्षाला प्रचंड अधिकार दिले.

येल्त्सिन यांचे विरोधकही लोकशाहीचे पुजारी नव्हते. तरीही माझ्या मते रशियन लोकशाहीला सर्वांत मोठी जखम या पंधरवड्यात झाली. राष्ट्राध्यक्षाला जाब विचारू शकणारी संस्थाच उरली नाही, आणि सरकारी कंपन्यांचे पुढचे लिलाव अडवायलाही कुणी उरलं नाही.

'एमएमएम' प्रकरण काय होतं?

सेर्गेई माव्रोदी याची साखळी योजना. टीव्हीवर ल्योन्या गोलुब्कोव्ह नावाचा साधा कामगार रोज दिसायचा : आधी बायकोला बूट घेतले, मग फरकोट. लाखो लोकांनी पैसे गुंतवले. १९९४ च्या उन्हाळ्यात योजना कोसळली, माव्रोदी अटकेत गेला आणि त्याच वर्षी खासदार म्हणून निवडून आला, कारण खासदाराला कायद्याचं संरक्षण होतं आणि आपले पैसे तोच परत देईल अशी ठेवीदारांना आशा होती. याच माणसाने २०११ नंतर याच नावाची योजना भारतातही आणली होती.

'कर्जाच्या बदल्यात शेअर' ही योजना सोप्या शब्दांत सांगाल का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो विचारलाच पाहिजे.

१९९५ साल. तिजोरीत खडखडाट, रशियापासून फुटू पाहणाऱ्या चेचेन्यात युद्ध, पगार थकलेले आणि पुढच्या वर्षी निवडणूक. बँकर व्लादिमीर पोतानिन यांनी सुचवलं : बँका सरकारला कर्ज देतील, सरकारने मोठ्या कंपन्यांचे शेअर गहाण ठेवावेत. ठरलेल्या मुदतीत कर्ज फिटलं नाही, तर बँकेने ते शेअर विकावेत. कुठली बँक कर्ज देणार हे लिलावाने ठरणार होतं.

आता खाचाखोचा पाहा. कर्ज फेडायची तरतूद सरकारने केलीच नाही, म्हणजे गहाण हे नावापुरतं होतं. लिलाव घ्यायचं काम ज्या बँकेकडे, तिच्याशी जोडलेली कंपनीच तो जिंकायची. परदेशी खरेदीदारांना बहुतेक लिलावांत मज्जाव होता. शिवाय सरकारचा स्वतःचा पैसा याच बँकांत ठेव म्हणून पडलेला होता. म्हणजे माझ्याच गल्ल्यातले पैसे मला उसने देऊन माझं घर लिहून घ्यावं, तसा प्रकार.

नोरिल्स्क निकेलचा लिलाव १७ नोव्हेंबर १९९५ ला झाला. आर्क्टिक वर्तुळापलीकडच्या त्या शहरात जगातल्या निकेल आणि पॅलेडियमचा मोठा साठा आहे. ३८ टक्के शेअरसाठी सुरुवातीची बोली १७ कोटी डॉलर होती. एका प्रतिस्पर्ध्याने ३५.५ कोटींची बोली आणली. ती हमीच्या कारणावरून बाद ठरवली गेली आणि पोतानिन यांच्या बँकेच्या बाजूला १७.०१ कोटी डॉलरला माल मिळाला. युकोस या तेलकंपनीचे ४५ टक्के १५.९ कोटी डॉलरला मिखाईल खोदोर्कोव्स्की यांच्या मेनातेप बँकेशी जोडलेल्या कंपनीकडे गेले. सिबनेफ्तचे ५१ टक्के उद्योजक बोरीस बेरेझोव्स्की आणि रोमान अब्रामोविच यांच्या बाजूला १०.०३ कोटींना मिळाले. त्याच सिबनेफ्तचे सुमारे ७३ टक्के शेअर २००५ मध्ये सरकारी मालकीच्या गाझप्रोमने १३ अब्ज डॉलर मोजून विकत घेतले. जे सरकारने कवडीमोलाने दिलं, ते सरकारी कंपनीनेच सोन्याच्या भावाने परत घेतलं.

या मालकांनी कंपन्यांची व्यवस्था सुधारली, उत्पादन वाढवलं, असा बचाव केला जातो. काही बाबतीत तो खराही आहे. पण खऱ्या लिलावात आलेला मालकही ते करू शकला असता, आणि वरचा पैसा तिजोरीत जाऊन निवृत्तांचं पेन्शन निघालं असतं.

१९९६ ची निवडणूक विकत घेतली होती का?

मतपेट्यांत थेट किती घोळ झाला यावर वाद आहे. खेळ सुरू होण्याआधीच मैदान एका बाजूला कललेलं होतं, याबद्दल मात्र नाही. वर्षाच्या सुरुवातीला येल्त्सिन यांची लोकप्रियता एक आकडी टक्क्यांवर होती आणि कम्युनिस्ट उमेदवार गेन्नादी झ्युगानोव्ह पुढे होते. शेअर हातचे जातील या भीतीने आपसात भांडणारे धनाढ्य एकत्र आले. मोठ्या टीव्ही वाहिन्या सरकारच्या किंवा त्यांच्याच हातात होत्या.

१९ जून १९९६ ला, दोन फेऱ्यांच्या मध्ये, येल्त्सिन यांच्या प्रचारातल्या दोघांना मॉस्कोतल्या सरकारी इमारतीतून बाहेर पडताना अडवलं. त्यांच्याकडे झेरॉक्सच्या कागदाचं खोकं होतं आणि खोक्यात रोख डॉलर. एकूण रक्कम ५,३८,००० डॉलर. पैसे कुणाचे, हे सांगायला कुणी पुढे आलं नाही. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली ती, ज्याच्या माणसांनी त्यांना पकडलं त्या राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षाप्रमुखाची, अलेक्सांद्र कोर्झाकोव्ह यांची.

त्याच दिवसांत येल्त्सिन यांना हृदयविकाराचा झटका आला आणि तो मतदारांपासून लपवला गेला. ३ जुलैला ते ५३.८ टक्के मतांनी जिंकले. नोव्हेंबरात त्यांच्यावर बायपास शस्त्रक्रिया झाली. पोतानिन उपपंतप्रधान झाले, बेरेझोव्स्की सुरक्षा परिषदेत गेले.

'क्रिशा' म्हणजे काय?

शब्दशः छप्पर. दुकान, टपरी, बँक, काहीही चालवायचं तर कुणाचं तरी छप्पर लागायचं. सुरुवातीला ते गुंडांचं असायचं, महिन्याचा हप्ता ठरलेला. पुढे पोलीस आणि गुप्तहेर खात्यातले लोक तेच काम करू लागले. न्यायालयात करार वसूल होत नाही, म्हणून गुंड. गुंडांपासून वाचायचं, म्हणून पोलीस, असा तो क्रम होता. सरकारी कंत्राटातली टक्केवारी म्हणजे 'ओतकात'. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

वरच्या पातळीवरही हेच चालायचं. २०१२ मध्ये निकाल लागलेल्या लंडनमधल्या खटल्यात अब्रामोविच यांनी बेरेझोव्स्कींना दिलेला पैसा हा भागीदारीचा वाटा नसून राजकीय 'क्रिशा'चा मोबदला होता, अशी बाजू मांडली, आणि न्यायालयाने ती मान्य केली.

जे लिहीत-बोलत होते त्यांना छप्पर नव्हतं. लष्करातला भ्रष्टाचार शोधणारा पत्रकार द्मित्री खोलोदोव १९९४ मध्ये ब्रीफकेसमधल्या बॉम्बने मारला गेला. टीव्ही पत्रकार व्लादिस्लाव लिस्त्येव १ मार्च १९९५ ला, तर खासदार गालिना स्तारोवोइतोवा नोव्हेंबर १९९८ मध्ये स्वतःच्या इमारतीच्या जिन्यात गोळ्यांना बळी पडल्या.

पगार महिनोन्महिने का मिळत नव्हते?

पैसा वाटेत अडायचा. सरकारी निधी 'अधिकृत' खाजगी बँकांतून जायचा आणि त्या तो काही आठवडे वापरून घ्यायच्या. कारखाने एकमेकांना पैशाऐवजी माल आणि हुंड्या द्यायचे. कामगारांना पगार म्हणून कारखान्यातलाच माल मिळे : काचेचं शहर गुस-ख्रुस्ताल्नी इथल्या रस्त्याकडेला लोक पगारात आलेले क्रिस्टलचे पेले विकत उभे राहत. १९९८ मध्ये खाणकामगारांनी रेल्वे रोखली आणि मॉस्कोत सरकारी इमारतीसमोरच्या पुलावर बसून हेल्मेटं फरशीवर आपटत राहिले. पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९९४ मध्ये ५८ वर्षांच्याही खाली गेलं होतं. युद्ध नसलेल्या प्रदेशातल्या घरांमधलीच ही माणसं.

१९९८ मध्ये काय झालं?

सरकार जुनी देणी भागवण्यासाठी नव्या अल्पमुदतीच्या रोख्यांवर चढत्या व्याजाने पैसे उचलत होतं. तेल स्वस्त झालं, आशियाई संकटाने गुंतवणूकदार बिथरले. जुलैत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची मदत आली, ती पुरली नाही. १४ ऑगस्टला येल्त्सिन यांनी रूबलचं अवमूल्यन होणार नाही असं ठामपणे सांगितलं. १७ ऑगस्टला सरकारने रोख्यांची देणी थांबवली आणि रूबलचा दर घसरू दिला. सहाच्या घरातला डॉलर काही आठवड्यांत वीस रूबलांपर्यंत गेला. १९९२ मध्ये होरपळलेल्या लोकांनी पुन्हा बँकांच्या दारात रांगा लावल्या.

मार्च १९९८ ते ऑगस्ट १९९९ या काळात देशाने चेर्नोमिर्दिन, किरियेन्को, प्रिमाकोव्ह, स्तेपाशिन आणि पुतिन असे पाच पंतप्रधान पाहिले.

पुतिन यांनी हा भ्रष्टाचार संपवला का?

आधी ते आले कसे ते पाहावं. महाभियोक्ता युरी स्कुरातोव्ह यांनी क्रेमलिनच्या नूतनीकरणाच्या कंत्राटांत लाच दिल्याच्या आरोपांचा तपास सुरू केला होता. मार्च १९९९ मध्ये सरकारी टीव्हीवर त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या माणसाची दोन स्त्रियांबरोबरची चित्रफीत दाखवली गेली. चित्रफीत खरी असल्याचं जाहीरपणे सांगणाऱ्यांत तेव्हाचे गुप्तहेर खात्याचे प्रमुख पुतिन होते. ऑगस्टमध्ये ते पंतप्रधान झाले. ३१ डिसेंबरला येल्त्सिन यांनी जनतेची माफी मागून पद सोडलं आणि त्याच दिवशी पुतिन यांनी माजी राष्ट्राध्यक्षांना खटल्यापासून संरक्षण देणारा हुकूम काढला.

तेल महागलं, पगार वेळेवर होऊ लागले. लोकांना हायसं वाटलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. धनाढ्यांपैकी टीव्ही वाहिनीचे मालक गुसिन्स्की आणि बेरेझोव्स्की देश सोडून गेले, खोदोर्कोव्स्की २००३ मध्ये तुरुंगात गेले. ज्यांनी राजकारणात लक्ष घातलं नाही, त्यांची मालमत्ता शाबूत राहिली. १९९५ चे लिलाव रद्द झाले नाहीत. छप्पर एकाच्या हाती आलं, एवढाच बदल झाला.

भारताला याची झळ लागली का?

लागली. मिगचे सुटे भाग संघातल्या निरनिराळ्या प्रजासत्ताकांत बनत, ती साखळी तुटली आणि नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यासह हवाई दलाला त्याचा त्रास झाला. इस्रोला क्रायोजेनिक तंत्रज्ञान द्यायचा करार अमेरिकेच्या दबावाखाली रशियाने १९९३ मध्ये बदलला. तंत्रज्ञानाऐवजी तयार इंजिनं मिळाली.

त्या जुन्या पासबुकातले पैसे लोकांना परत मिळाले का?

१९९५ च्या कायद्याने सोव्हिएत काळातल्या ठेवी हे रशियन सरकारचं देणं आहे, असं मान्य केलं. पूर्ण भरपाईची कलमं मात्र दर वर्षी पुढे ढकलली गेली. वयानुसार मूळ आकड्याच्या दुप्पट-तिप्पट भरपाई मिळते, पण महागाईपुढे ती किरकोळ ठरते. ठेवीदार वारला असेल तर वारसांना अंत्यविधीच्या खर्चासाठी जास्तीत जास्त ६,००० रूबल देण्याची वेगळी तरतूद आहे.